चॅनेलची जाडी बिलावर लिहा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या वास्तुविषयक पुरवणीत घरसजावटीवरचे लेख मी आवडीने वाचतो. छताच्या कडेने सोडलेली दिव्यांची पट्टी, हॉलचे दोन भाग करणारी जिप्समची भिंत, रंगांच्या जोड्या, या सगळ्याविषयी त्यात बरेच काही असते. मात्र ते छत आणि ती भिंत ज्या जस्ती पत्र्याच्या सांगाड्यावर उभी असते, त्या सांगाड्याबद्दल त्यात एक ओळही आढळत नाही. ठेकेदाराच्या कोटेशनमध्येही ती नसते. तिथे ‘जिप्सम सीलिंग, मटेरियल व मजुरीसह, प्रति चौरस फूट अमुक’ एवढेच लिहिलेले असते आणि बोर्ड कोणत्या कंपनीचा हे ठळक अक्षरांत असते. चॅनेल, म्हणजे या सांगाड्याच्या पत्र्याच्या लांब पट्ट्या, कोणत्या जाडीचे, कोणत्या मापाचे आणि किती अंतरावर, हे आपण विचारत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही.

मी नाशिकच्या सातपूरमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात ३१ वर्षे काढली. पत्रा मोजणे हे माझे रोजचे काम होते. तरीही स्वतःच्या घराचे काम निघाले तेव्हा मायक्रोमीटर कपाटातच राहिला, ही माझी चूक आधीच कबूल करतो.

इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलला दिवाळीआधी जिप्समचे छत करून घेतले. पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली असताना मोबाइलचा दिवा छताला समांतर धरला गेला आणि दिवसा सपाट भासणाऱ्या त्या छतावर लाटा दिसल्या. मधोमध झोळ पडला होता आणि ज्या रेषांवर स्क्रू होते तिथे पुट्टीच्या छोट्या छोट्या टिकल्या फुगून बाहेर आल्या होत्या. ठेकेदाराला बोलावले तर तो म्हणाला, “काका, बोर्ड कंपनीचाच लावलाय ना? पावसाळ्यात थोडं होतंच.” बोर्ड कंपनीचा होता हे खरेच, आणि बोर्डाचा त्यात काही दोषही नव्हता.

कारागिरांनी उरलेली एक अख्खी बारा फुटी पट्टी आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली टाकून ठेवली होती. ती खाली आणली. एका पावसाळ्यात तिच्यावर पिठासारखी पांढरी पूड जमली होती आणि कापलेल्या कडेला तांबूस गंजाची रेघ उमटली होती. कडेची पूड पुसून मायक्रोमीटर लावला तर जाडी ०.३७ एमएम आली. बोलणे ०.५५ एमएमचे झाले होते, पण ते तोंडी. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर पट्टी आडवी ठेवून वजन केले, ते १ किलो २०० ग्रॅम भरले. आता हे वजन किती असायला हवे, याचा हिशेब कोणालाही करता येतो, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो.

आपल्याकडे जिप्सम छतासाठी जी मुख्य पट्टी वापरतात तिला कारागीर ‘सेक्शन’ म्हणतात. तिचे रूढ माप असे, की बोर्ड जिथे टेकतो तो मधला पट्टा ५१.५ एमएम, दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती २६ एमएमच्या आणि त्यांच्या टोकांना बाहेर दुमडलेले काठ १०.५ एमएमचे. ही पट्टी उलगडून सपाट केली असे समजा. पत्र्याची रुंदी १२४.५ एमएम होते. पोलादाची घनता दर घनमीटरला ७८५० किलो असते. जाडी ०.५५ एमएम धरली तर दर मीटरला सुमारे ५४० ग्रॅम आणि बारा फुटांच्या, म्हणजे ३.६६ मीटरच्या पट्टीला जवळपास दोन किलो वजन यायला हवे. माझ्या पट्टीत आठशे ग्रॅम कमी होते. नुसता पत्रा पातळ असता तर एवढा फरक पडला नसता. नीट मोजल्यावर कळले की बाजूच्या भिंतीही २६ ऐवजी २२ एमएमच्या होत्या आणि काठही आखूड होते. जाडीत एकदा आणि रुंदीत एकदा, अशी दोनदा कात्री लागली होती. वर लावल्यावर हे कोणाला दिसणार?

या चोरीतून वाचते किती, तेही पाहण्यासारखे आहे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे छत घेतले तर त्यात सेक्शन, त्यांना आधार देणारे इंटरमिजिएट चॅनेल आणि भिंतीकडेचे पेरिमीटर चॅनेल मिळून साधारण बावीस-तेवीस किलो पत्रा लागतो. माझ्या छतासारखा माल वापरला तर त्यात सुमारे आठ किलोंची बचत होते. साडेबारा एमएमचा जिप्सम बोर्ड दर चौरस मीटरला ८ ते ९ किलो भरतो, म्हणजे त्याच खोलीत डोक्यावर शंभरेक किलो वजन टांगलेले असते. पुट्टी, रंग आणि दिवे वेगळेच. शंभर किलो पेलणाऱ्या सांगाड्यातून आठ किलो पत्रा काढून घ्यायचा आणि भाव मात्र पूर्ण चौरस फुटाचा लावायचा, असा हा व्यवहार आहे.

आमच्याकडे सगळा घोळ सुरू होतो तो पत्र्याची जाडी सांगणाऱ्या ‘गेज’ या शब्दापासून. दुकानात २६ गेजचे चॅनेल मागितले की माणसाला आपण पक्के माप सांगितले असे वाटते. पण ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेजप्रमाणे २६ म्हणजे ०.४६ एमएम, तर अमेरिकी पद्धतीत जस्ती पत्र्याचा २६ गेज म्हणजे ०.५५ एमएम. एकाच आकड्याची ही दोन मापे झाली, आणि विकणारा साहजिकच आपल्या सोयीचे धरतो. त्याच ब्रिटिश वायर गेजचा २८ तर ०.३८ एमएमवर येतो, म्हणजे माझ्या छताच्या अगदी जवळ. म्हणून गेज हा शब्द या व्यवहारातून हद्दपार करावा आणि जाडी फक्त एमएममध्ये, दशांशानंतर दोन आकड्यांपर्यंत मागावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. शंभराव्या भागात दोन-तीनचा फरक कारखान्यातही चालतो, त्यासाठी कोणाशी भांडू नये. पंचावन्नचे सदतीस होणे मात्र त्या फरकात बसत नाही.

जाडीला एवढे महत्त्व का द्यायचे, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण स्क्रूचे. बोर्ड ज्या २५ एमएमच्या काळ्या स्क्रूने पट्टीला जोडतात, त्याची पकड पत्र्यात रुतलेल्या एक-दोन आट्यांवरच असते. पत्रा पातळ असला तर मशीनचा एक जादा फेरा बसताच भोक मोठे होते, स्क्रू जागच्या जागी फिरू लागतो, आणि कारागीर त्यावर पुट्टी मारून पुढच्या स्क्रूकडे वळतो. माझ्या छतावरच्या टिकल्या याच स्क्रूंच्या होत्या. दुसरे कारण वाकण्याचे. मापे तीच ठेवून पत्रा पातळ केला की पट्टीचा ताठपणा त्याच प्रमाणात घटतो. शिवाय पातळ पत्र्याच्या उभ्या भिंती भाराखाली चुरगळू लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान हिशेबापेक्षा अधिक होते.

मात्र जाड तेवढे चांगले, असेही कोणी समजू नये. काही दुकानांत ‘हेवी’ म्हणून एक एमएमच्या पट्ट्या दाखवतात. अशा पत्र्यात टोकदार जिप्सम स्क्रू शिरत नाही. त्याला ड्रिलचे टोक असलेला स्क्रू लागतो. कारागिराकडे तो नसतो, मग तो आधी खिळ्याने भोक पाडतो आणि सगळ्या मजबुतीवर पाणी पडते. घरगुती छताच्या सेक्शनला ०.५५ एमएम पुरते. इंटरमिजिएट चॅनेल मात्र ०.९ एमएमचे असावे, कारण सगळ्या सेक्शनचा भार तेच घेते आणि त्यात बोर्डाचा स्क्रू जातच नाही. हे चॅनेल ४५ एमएम रुंद आणि १५-१५ एमएम काठांचे असते. त्याचीही बारा फुटी पट्टी दोन किलोंच्या आसपास भरली पाहिजे. नेमके इथेच ०.५५ एमएमचा पत्रा वापरून वेळ मारून नेतात.

माल चांगला आणूनही छत झोळ खाते ते अंतरामुळे. प्रचलित पद्धतीत सेक्शन दर १८ इंचांवर, इंटरमिजिएट दर ४ फुटांवर आणि त्यांना वरच्या स्लॅबपासून धरणारे उभे अँगलही दर ४ फुटांवर असतात. एखाद्या ठेकेदाराने चारचे सहा फूट केले तर काय होते? अंतर दीडपट झाले म्हणून झोळ दीडपट होईल असे आपल्याला वाटते. पण सारखा भार असलेली पट्टी किती वाकेल हे अंतराच्या चौथ्या घातावर ठरते, म्हणजे चारचे सहा केले की झोळ पाचपट होतो. हॉलच्या लांबीत अँगलची एक ओळ कमी केली तरी वर चढलेल्या कारागिराचा अर्धा दिवस वाचतो, हे खरे आहे. त्याला दोष देताना आपण त्याला चौरस फुटाच्या भावाने बांधून घेतलेले असते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

हे उभे अँगल स्लॅबला कसे धरले आहेत, ते काम चालू असतानाच पाहावे, नंतर काही दिसत नाही. स्लॅबमध्ये लाकडी गुटका ठोकून त्यात खिळा मारण्याची जुनी रीत अजून चालते. उन्हाळ्यात गुटका सुकतो, आकसतो आणि सैल होतो. ठोकून फुलणारा धातूचा फास्टनर आणि त्याला बोल्टने धरलेली क्लीट, म्हणजे अँगल अडकवायचा छोटा धातूचा तुकडा, हीच डोक्यावरच्या वजनासाठी योग्य पद्धत. पंखा तर कधीही या सांगाड्याला टांगू नये, तो थेट स्लॅबच्या हुकालाच हवा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण नुकतेच एका परिचितांकडे ते पाहिले म्हणून लिहिले.

आता जस्ताच्या मुलाम्याविषयी. पट्टीवर चकाकी आहे किंवा बर्फासारखी नक्षी दिसते, यावरून मुलामा किती हे कळत नाही. तो दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात आणि दिलेला आकडा दोन्ही बाजू मिळून असतो. जस्ती पत्र्याच्या आयएस २७७ या भारतीय मानकात १२० ग्रॅमपासून २७५ ग्रॅमपर्यंत आणि त्यापुढेही वर्ग आहेत. १२० ग्रॅम म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण ८ मायक्रॉन आणि २७५ ग्रॅम म्हणजे १९ मायक्रॉन जस्त. कोरड्या बेडरूमच्या छताला १२० चालून जाते. पण शेवटच्या मजल्यावरचे घर, वर गळणारी गच्ची, गिझरच्या वाफेने भरणारे बाथरूम, किंवा इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसातला बंगला असेल तर जास्त मुलाम्याचा माल मागावा आणि बोर्डही ओल सोसणारा, हिरव्या कागदाचा घ्यावा. ओला जिप्सम आणि उघडे पोलाद एकमेकांच्या संगतीत राहिले तर पोलाद लवकर सडते, म्हणून गळती आधी थांबवावी आणि छत नंतर करावे. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की पट्ट्या कात्रीने कापाव्यात. ग्राइंडरने कापताना ठिणग्यांबरोबर कडेचे जस्तही जळून जाते आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते.

भिंतींचा विषय मी लांबवणार नव्हतो, पण येत्या २०२७ च्या सिंहस्थामुळे तो घ्यावा लागतो. पंचवटीत, द्वारका परिसरात आणि नाशिकरोडला लॉज, यात्री निवास आणि मंगल कार्यालयांची डागडुजी जोरात आहे, आणि मोठ्या हॉलचे जिप्समच्या भिंतींनी खोल्यांत रूपांतर करण्याकडे कल दिसतो. कल्पना चांगली आहे, कारण विटांच्या भिंतीचे वजन जुन्या स्लॅबवर टाकण्यापेक्षा हे बरे. पण घरातली बेडरूमची भिंत आणि गर्दीच्या जागेतली भिंत यांना एकच माप लावून चालत नाही.

अशा भिंतीत जमिनीला आणि छताला ५० एमएमचे चॅनेल ठोकतात आणि त्यांत ४८ एमएमचे उभे स्टड, म्हणजे पत्र्याचे खांब, बसवतात. स्टडचे दोन काठ मुद्दाम ३४ आणि ३६ एमएम असे असमान ठेवलेले असतात, त्यामुळे दोन स्टड एकमेकांत घालून दरवाजाच्या चौकटीसाठी पेटीसारखा दुहेरी खांब करता येतो. नेहमीच्या दहा फुटी घरात हे स्टड २४ इंचांवर चालतात. तेच बारा-चौदा फूट उंचीच्या जुन्या हॉलमध्ये लावले तर हाताने ढकलल्यावर भिंत हलते. उपाय पत्रा जाड करण्यात नाही, स्टड अधिक रुंद घेण्यात आहे. ४८ ऐवजी ७० एमएमचा स्टड घेतला तर पत्रा साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त लागतो आणि ताठपणा मात्र दुपटीहून अधिक वाढतो. एवढ्या थोड्या खर्चात एवढा फायदा या सबंध कामात दुसरीकडे कुठे मिळत नाही. जिथे माणसे भिंतीला टेकून बसणार, पथाऱ्या आणि बॅगा लावणार, तिथे स्टडमधले अंतरही २४ वरून १६ इंचांवर आणावे. एसीचा आतला भाग, टीव्ही किंवा वॉश बेसिन कुठे येणार, हे आधीच ठरवून तिथे दोन स्टडमध्ये प्लायची फळी घालून घ्यावी. नंतर नुसत्या बोर्डात भोक पाडून प्लगवर अडकवलेली वस्तू कधीतरी खाली येतेच. आणि खोल्यांमधली भिंत फॉल्स सीलिंगपाशी न थांबवता वरच्या स्लॅबपर्यंत न्यावी. ती अर्ध्यावर सोडली तर आवाज तर पलीकडे जातोच, पण आगीच्या वेळी धूर छतावरच्या पोकळीतून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बिनबोभाट पसरतो. ज्या जागी शेकडो भाविक रात्री झोपणार, तिथे परवानगी देताना महापालिकेने आणि अग्निशमन विभागाने एवढे तरी वर डोकावून पाहावे, अशी विनंती आहे.

हार्डवेअरवाले सगळेच फसवतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. दुरुस्तीच्या वेळी मी शहरातल्या काही दुकानांत फिरलो. एका दुकानदाराने स्वतःहून तीन प्रकारच्या पट्ट्या काउंटरवर ठेवल्या, तिन्हींची जाडी सांगितली आणि वर म्हणाला, “सगळ्यात जास्त खप या पातळचा. लोक भाव विचारतात, माप विचारत नाहीत.” तो खरे तेच बोलत होता. ठेकेदारांची चढाओढ चौरस फुटाच्या भावावर असेल आणि आपण पाच रुपये कमी सांगणाऱ्याला काम देत असू, तर ते पाच रुपये कुठून तरी निघणारच, आणि न दिसणाऱ्या पत्र्याइतकी सोयीची दुसरी जागा नाही. प्रामाणिक ठेकेदाराचे कोटेशन याच कारणाने महाग दिसते आणि त्याच्या हातचे काम जाते.

म्हणून कोटेशनवर आणि बिलावर एक ओळ लिहून घेण्याचा रिवाज आपण पाडावा. ती ओळ अशी असू शकेल: ‘छत सेक्शन ०.५५ एमएम, दर १८ इंचांवर, इंटरमिजिएट ०.९० एमएम, दर ४ फुटांवर. टांगणी अँगल दर ४ फुटांवर धातूच्या फास्टनरने. जस्त मुलामा इतके ग्रॅम. बारा फुटी सेक्शनचे वजन १.९ किलोपेक्षा कमी नाही.’ मायक्रोमीटर सर्वांकडे नसतो, पण वजनकाटा प्रत्येक गल्लीत असतो. माल उतरला की वर चढवण्यापूर्वी कोणत्याही पाच पट्ट्या एकत्र बांधून तोलाव्यात. साडेनऊ किलोंच्या खाली भरल्या तर त्याच टेम्पोतून परत पाठवाव्यात. ठेकेदार कुरकुर करील, एखादा निघूनही जाईल. जो थांबेल त्याला काम द्यावे.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी छताचे देखणे छायाचित्र छापताना त्याच्या वरच्या बाजूचे, बोर्ड लावण्याआधीचे एखादे छायाचित्रही छापावे, ही विनंती. आमच्या हॉलचे छत आता उतरवून पुन्हा केले आहे. टाकीखालची ती पट्टी सोसायटीच्या कार्यालयात ठेवली असून यंदा आमच्या इमारतीत ज्या दोन घरांत काम निघाले, त्यांनी नवा माल तिच्या शेजारी ठेवून तोलून घेतला. त्यातल्या एका घरातला माल परत गेला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तपासनीस,
इंदिरानगर, नाशिक